लेबर रूममध्ये नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेने आधी काय शिकावे?

प्रश्न असा आला आहे. जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळवून बार्शीहून पुण्यात आलेल्या एका परिचारिकेची नेमणूक मोठ्या रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये झाली आहे. तीन आठवडे झाले, तरी आपण सर्वांच्या पायांत येतो असे तिला वाटते. केसबुकात डिलिव्हरीच्या नोंदी आहेत, पण त्यांपैकी बऱ्याच तिने गर्दीत मागे उभे राहून पाहिलेल्या आहेत. सीनियर सिस्टरांची शिकवण्याची तयारी असते, परंतु त्यांना सवड मिळत नाही. आपल्याला डिलिव्हरी घ्यायला कधी मिळेल, तोवर काय शिकावे, आणि मेट्रनबाईंकडे बदलीचा अर्ज द्यावा का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यातील प्रसूती विभागांत २७ वर्षे काम केले आणि त्यांपैकी शेवटची ११ वर्षे लेबर रूमची इनचार्ज होते. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: डिलिव्हरी घेण्याची घाई करू नका. बाळ बाहेर येते त्या वेळी खोलीत सर्वांत जास्त माणसे हजर असतात; डॉक्टर असतात, सीनियर सिस्टर असते, मावशी असतात. परिचारिकेवर खरी भिस्त असते ती त्याआधीच्या सहा-आठ तासांत आणि त्यानंतरच्या दोन तासांत, जेव्हा खाटेजवळ तुमच्याखेरीज कोणीही नसते. हे तास तुम्हाला सांभाळता येऊ लागले की सीनियर सिस्टर स्वतः तुम्हाला हातमोजे घालायला सांगतील, कारण त्यांनाही विश्वासाचे माणूस हवेच असते.

सुरुवात हाताने करा. कळा मोजण्यासाठी पोटावर तळहात सपाट ठेवून घड्याळ पाहत पूर्ण १० मिनिटे बसावे लागते. या १० मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, एवढेच पाहायचे असते, पण तेवढ्यासाठी बसून राहणारी नवी मुलगी मला क्वचितच भेटली. २० सेकंदांपेक्षा कमी टिकणारी कळ आणि ४० सेकंदांच्या वर टिकणारी कळ यांतील फरक हाताला एकदा कळला की पुढे बाईचा चेहरा पाहूनही अंदाज येऊ लागतो. परंतु चेहऱ्यावर विसंबू नका. पहिलटकरीण मुलगी हलक्या कळेला ओरडते आणि तिसऱ्या खेपेची बाई ओठ घट्ट मिटून सगळे सोसते. आरडाओरडा ऐकून जो खाट निवडतो, त्याच्या हातून शांत बाईकडे दुर्लक्ष होते.

त्याच बैठकीत बाळाचे ठोके ऐका. पोट चाचपून बाळाची पाठ कोणत्या बाजूला आहे ते आधी ठरवा, म्हणजे ठोके ऐकण्याचे यंत्र, डॉप्लर, पोटभर फिरवत बसावे लागत नाही. ठोके कळ ओसरताच पूर्ण एक मिनिट ऐकावेत आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने आईची नाडी धरावी, कारण घाबरलेल्या किंवा ताप असलेल्या आईची नाडी मिनिटाला १२० च्या वर गेलेली असते आणि तीच बाळाची म्हणून लिहिली जाण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळा नियमित झाल्यावर दर अर्ध्या तासाने आणि बाई जोर लावू लागल्यावर दर ५ मिनिटांनी ते ऐकायचे असतात. पाणी फुटल्याबरोबर मात्र घड्याळाकडे न पाहता लगेच ऐका, कारण पाण्याबरोबर नाळ खाली सरकली असेल तर तिची पहिली खूण ठोक्यांतच मिळते. पाण्याचा रंग आणि वेळ लिहून ठेवा; हिरवट असेल तर डॉक्टरांना कळवून मग पुढचे काम करा.

आता ऐकण्याविषयी सांगते, आणि यावर मी मुद्दाम थोडी थांबणार आहे. पाठ्यपुस्तकातील लक्षणांची नावे आणि आपल्याकडील बायकांच्या तोंडचे शब्द यांचा मेळ कोणी शिकवत नाही. बाईला अचानक ‘संडासला लागली’ असे वाटू लागले, तर बहुतेक वेळा बाळाचे डोके खाली येऊन गुदद्वारावर दाब पडत असतो. अशा बाईला तपासल्याशिवाय एकटीला स्वच्छतागृहात पाठवू नका. शौचालयात झालेल्या प्रसूती मी पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीने आधी कोणाला तरी हेच वाक्य सांगितलेले होते. ‘पित्त झालंय, डोकं ठणकतंय, छातीखाली जळजळतंय’ असे आठव्या-नवव्या महिन्यातील बाई म्हणाली, तर ॲसिडिटीची गोळी देण्याआधी रक्तदाब मोजा आणि लघवीतील प्रोटीन तपासा. १४०/९० च्या वरचा दाब कळवायचा असतो. १६०/११० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचे असते. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ हे वाक्य त्यात आले तर झटके येण्याची शक्यता गृहीत धरून झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा ट्रे काढून ठेवा. ‘अंगावरून जातंय’ याचा अर्थ पांढरे पाणी, गर्भजल किंवा रक्त यांपैकी काहीही असू शकतो, म्हणून पॅड स्वतः पाहा. हडपसर, वाघोली, चाकण या भागांतील बांधकामांवरून आणि कारखान्यांतून येणाऱ्या बायका हिंदी, कानडी किंवा तेलुगू बोलतात. त्यांच्या भाषेत कळ, रक्त, पाणी आणि चक्कर यांना काय म्हणतात ते मावशींकडून किंवा नातेवाइकांकडून विचारून आठवडाभरात पाठ करून टाका.

मॅग्नेशियम सल्फेटचा विषय निघालाच आहे, तर एक नियम कायमचा लक्षात ठेवा. पुढचा डोस देण्याआधी प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाहायच्या: श्वास मिनिटाला किमान १६ आहेत, गुडघ्याखाली टिचकी मारल्यावर पाय उडतो, आणि मागील ४ तासांत लघवी ताशी किमान ३० मिली झाली आहे. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना सांगा. त्यावरचा उतारा म्हणून १० टक्क्यांचे १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये हवे. ते कपाटात असून चालत नाही.

नोंदींकडे ‘कागदपत्रे’ म्हणून पाहू नका. पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखावर, गर्भाशयाचे तोंड किती उघडले याची खूण तासांच्या हिशेबात केली की प्रगती मंदावली आहे हे पाळी बदलताना ओव्हर घेणाऱ्या सिस्टरला एका नजरेत दिसते. जुन्या पार्टोग्राफची सुरुवात ४ सेंमीपासून होते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आणलेल्या लेबर केअर गाइडमध्ये सक्रिय प्रसूती ५ सेंमीपासून धरली आहे. तुमच्या विभागात कोणता कागद वापरतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. प्रसूती झाल्यावर मागील वेळा आठवून पार्टोग्राफ पूर्ण करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तसे कधीही करू नका. मागाहून काढलेल्या रेषेचा त्या बाईला काहीच उपयोग झालेला नसतो.

डिलिव्हरीच्या आधीची तयारी तीन आठवडे झालेल्या परिचारिकेने पूर्णपणे आपल्याकडे मागून घ्यावी, असे माझे मत आहे. आईचा ट्रे आणि बाळाचा ट्रे वेगवेगळ्या टेबलांवर ठेवा. बाळाला द्यायचे व्हिटॅमिन के आणि रक्तस्राव रोखण्यासाठी आईला द्यायचे मेथर्जिन शेजारी ठेवल्यामुळे चुकीचे इंजेक्शन बाळाला गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि त्यांचे परिणाम फार गंभीर असतात. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव लिहा. गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचे असते, म्हणून सकाळी काढून दिवसभर ट्रॉलीवर ठेवलेले ॲम्प्यूल वापरू नका. बाळ जन्मल्यावर पोटावर हात ठेवून दुसरे बाळ नाही याची खात्री झाली की एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्यायचे असते. बाळ जन्मण्याआधी ते इंजेक्शनने कधीही द्यायचे नाही. कळा वाढवण्यासाठी ते फक्त सलाइनमधून, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेगाने दिले जाते. मेथर्जिन रक्तदाब वाढलेल्या बाईला आणि त्याच कामाचे कार्बोप्रोस्ट दम्याच्या बाईला देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तरीही ॲम्प्यूल फोडण्याआधी ते मोठ्याने म्हणण्याची सवय लावा.

बाळाच्या बाजूला वॉर्मर आधीच चालू हवा, दोन कोरडे गरम कपडे हवेत आणि अँब्यू बॅग (हाताने पिळून श्वास देण्याची पिशवी) तपासलेली हवी. मास्कचे तोंड तळहातावर दाबून बॅग पिळली आणि दाब जाणवला तर बॅग ठीक आहे. मी प्रत्येक डिलिव्हरीआधी हे करून घेत असे, मग मागची डिलिव्हरी १० मिनिटांपूर्वी झालेली असली तरी. बाळ रडले तर ते आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवून पुसा, वरून पांघरूण घाला आणि नाळ १ ते ३ मिनिटांनी कापा. बाळ श्वास घेत नसेल, तर पुसून, मान सरळ ठेवून, पाठ चोळूनही ते रडले नाही की पहिल्या मिनिटाच्या आत बॅगने श्वास सुरू झाला पाहिजे. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेने करतात, त्यामुळे ऑक्सिजनची नळी शोधण्यात सेकंद घालवू नका. छाती उचलली जाते का, एवढ्याकडे लक्ष ठेवा. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण मिळण्याची संधी आली तर ती सोडू नका, आणि तोवर बाहुलीवर रोज ५ मिनिटे सराव करा.

बायोमेडिकल कचऱ्याच्या पिशव्या, खाटेची सफाई, नोंदवहीतील रकाने या गोष्टी आठ दिवसांत अंगवळणी पडतात. बाळाच्या हाताला पट्टी बांधण्याआधी बाळ आईला दाखवा, मुलगा की मुलगी हे तिच्याच तोंडून वदवून घ्या आणि तिची सही किंवा अंगठा घ्या. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

आता प्रसूतीनंतरच्या दोन तासांविषयी. नोकरीच्या पहिल्या वर्षात, मी ज्या रुग्णालयात होते तेथे, रात्रपाळीला एका बाईची दुसरी प्रसूती सुखरूप झाली होती. वार पूर्ण पडली होती, टाके नव्हते. शेजारच्या खाटेवरची बाई जोर लावत असल्यामुळे मी तिकडे होते. दर १५ मिनिटांची नोंद करायची म्हणून मी हात न लावताच ‘गर्भाशय घट्ट’ असे दोन वेळा लिहिले. त्यानंतर ती बाई मला म्हणाली, ‘सिस्टर, मला कसंतरी होतंय.’ मी तिला म्हणाले, ‘बाळंतपणानंतर थकवा येतोच, पडून राहा.’ काही मिनिटांनी सीनियर सिस्टरांनी तिच्या अंगावरची चादर उचलली. रक्त पॅडवर फारसे नव्हते. ते कमरेखालून पाठीकडे वाहत जाऊन मॅकिंटॉशवर (रबरी चादरीवर) साचले होते. मूत्राशय तुडुंब भरले होते, त्यामुळे गर्भाशय वर सरकून सैल पडले होते. ती वाचली, पण तिला रक्ताच्या तीन बाटल्या द्याव्या लागल्या, आणि मी लिहिलेल्या त्या दोन ओळी खोट्या होत्या. त्या ओळींना माझ्याशिवाय कोणीही जबाबदार नव्हते.

म्हणून मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला चार कामे एकाच क्रमाने करायला लावत असे. आधी बाईला लघवी झाली का ते विचारून मूत्राशय रिकामे करवायचे. मग बेंबीच्या खाली तळहाताची कड दाबून गर्भाशय चेंडूसारखे कडक लागते का ते पाहायचे आणि सैल लागले तर ते कडक होईपर्यंत चोळायचे. त्यानंतर पॅड पाहून झाल्यावर बाईला कुशीवर वळवून कमरेखाली हात घालून पाहायचे. शेवटी नाडी आणि रक्तदाब. पहिले दोन तास हे दर १५ मिनिटांनी होते. तरुण, धडधाकट बाईचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो. आधी वाढते ती नाडी, आणि त्याच सुमारास बाई अस्वस्थ होते. ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरतोय’, ‘तहान लागलीय’ ही तिन्ही वाक्ये रक्तस्रावाची लक्षणे समजून चादर उचला.

नुसत्या डोळ्यांनी रक्ताचा अंदाज नेहमी कमी येतो. भिजलेले पॅड आणि कपडे वजनकाट्यावर ठेवून कोरड्याचे वजन वजा केले, तर १ ग्रॅमला साधारण १ मिली असा हिशेब मिळतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात कमरेखाली मोजमापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले गेले आणि रक्तस्राव लक्षात येताच सर्व उपचार एकत्र सुरू केले गेले. तेथे तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. औषधे बहुतेक तीच होती, जी आपल्या ट्रॉलीवरही असतात. रक्तस्राव ठरवण्याच्या ५०० मिलीच्या मर्यादेची वाट न पाहता, वाहणे थांबत नाही असे दिसताच हाक मारा. मदत येईपर्यंत एक हात गर्भाशय चोळत राहील आणि दुसरी सिस्टर जाड सुया लावून दोन सलाइन सुरू करील. रक्तस्राव थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत द्यायचे असते आणि जितके लवकर, तितका त्याचा उपयोग जास्त होतो.

हाक मारण्याचीही एक रीत आहे. रात्री दोन वाजता रेसिडेंट डॉक्टरांना फोन करून ‘पेशंट बरी वाटत नाही, या ना’ असे सांगितले तर ते दुसऱ्या वॉर्डातील काम संपवून येतात. ‘लेबर रूम, खाट नंबर ३. प्रसूती ४० मिनिटांपूर्वी. साधारण ६०० मिली रक्त गेलंय, नाडी १२४, दाब १००/६०, गर्भाशय सैल. मालिश आणि ऑक्सिटोसिन चालू आहे. तुम्ही आत्ता यायला हवं,’ असे सांगितले तर ते पळत येतात. ही वाक्ये आरशासमोर म्हणून पाहा. आणि दिवसा डॉक्टर किंवा सीनियर सिस्टर रागावतील म्हणून प्रश्न गिळू नका. एकाच वेळी एकच, नेमका प्रश्न विचारला तर घाईतले माणूसही उत्तर देते.

बायकांशी वागण्याबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे, कारण नवी मुलगी ते पहिल्या महिन्यात जसे पाहते तसेच आयुष्यभर करते. जोर लावत नाही म्हणून मांडीवर चापट मारणे, ‘तेव्हा कळलं नाही का’ असे बोलणे, पडदा न ओढता तपासणे, पोटावर कोपराने दाब देणे, हे सर्व तुम्हाला दिसू शकेल. पोटावर दाब देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने अमान्य केलेली आहे. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने वागवणे आणि सोबतीला एक बाई असू देणे हे लेबर रूमच्या दर्जाचे निकष आहेत. आई, सासू, बहीण किंवा जाऊ, जी तिला हवी असेल ती जवळ असली तर बाई कमी घाबरते, आणि तुमच्याही डोळ्यांना आणखी एक जोड मिळते. आपल्याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांसाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जेथे फसवल्या गेलेल्या बाईला गुप्तपणे बाळंत होता येई आणि तिला कोणी दोष देत नसे. आजही लग्न न झालेली मुलगी चेहरा ओढणीत लपवून खाटेवर येते. तिला तुमच्याकडून तेवढेच मिळाले पाहिजे. ती १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्यानुसार (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. पण ते काम तिला ऐकू जाईल अशा आवाजात दारात उभे राहून करायचे नसते.

बाळाला मधाचे बोट चाटवायला बसलेल्या आजीलाही फटकारू नका. मधातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते, हे त्यांना नीट समजावून सांगा आणि बाळाला पहिल्या तासात आईच्या अंगावर लावून चिकाचे दूध कसे ओढते ते त्यांना दाखवा. बाळ ओढू लागलेले दिसले की त्या स्वतःच मधाची बाटली पिशवीत ठेवतात.

बदलीच्या अर्जाबद्दल. आत्ता देऊ नका. एक छोटी वही करा आणि प्रत्येक ड्यूटीनंतर एका बाईविषयी चार ओळी लिहा, नाव आणि नोंदणी क्रमांक न लिहिता: कळा कशा होत्या, ठोके किती होते, प्रसूतीनंतर गर्भाशय हाताला कसे लागले, आणि माझ्या लक्षात काय उशिरा आले. महिन्यातून एकदा, सकाळची पाळी संपल्यावर, इनचार्ज सिस्टरांना १५ मिनिटे मागा आणि त्यांतल्या तीन नोंदी त्यांच्यासमोर वाचा. उभ्या उभ्या ‘मला शिकवा’ म्हटले तर त्यांना सवड नसते, पण लिहून आणलेले पाहिले की त्या खुर्ची ओढून बसतील. सहा महिन्यांनंतरही खाटेजवळ बसताना हात कापत असतील आणि झोप उडालेली असेल, तर अर्ज द्या. पोस्टनेटल (बाळंतिणींचा) वॉर्ड आणि नवजात शिशू विभाग येथेही चांगल्या परिचारिकांची गरज असते, आणि लेबर रूममध्ये हाताला लागलेले वळण तेथे रोज उपयोगी पडते.